निखळलेला खुबा आणि पायाचा अंगठा

मनुष्याचें अर्धें आयुष्य उठण्याबसण्यांत जातें. परंतु ज्या सांध्याच्या जोरावर तो उठतो-बसतो, त्या सांध्याची आठवण तो दुखूं लागेपर्यंत कोणालाहि होत नाहीं. हा सांधा म्हणजे खुबा. पूर्वीं खुबा झिजला म्हणजे प्रथम हातीं काठी येई, मग चालणें घरापुरतें उरे आणि शेवटीं खाट धरावी लागे. आज तसें राहिलेलें नाहीं. झिजलेला सांधा काढून त्याच्या जागीं कृत्रिम सांधा बसविण्याची शस्त्रक्रिया शहरांतून चांगलीच रूढ झाली आहे, आणि नात्यागोत्यांतील एखादी आजी किंवा आजोबा असा नवा खुबा घेऊन सुखानें हिंडतांना आढळतात.

या शस्त्रक्रियेच्या यशाविषयीं पुष्कळ बोललें जातें, व तें यथार्थच आहे. परंतु तिच्या मागून क्वचित् येणारा एक अपघात आणि त्या अपघातावरील उपचारांतून उद्भवणारें दुसरें एक संकट यांविषयीं घरोघर फारशी माहिती नसते. बसविलेला खुबा कधीं कधीं निखळतो. तो पुन्हां जागेवर बसवावा लागतो. या दोन घटनांत पायाच्या मुख्य मज्जातंतूला इजा झाली, तर सांधा जागेवर येतो खरा, पण पाऊल मात्र लुळें राहतें. हें संकट विरळा आहे. पण येतें तेव्हां त्याची पहिली खूण पायाच्या अंगठ्यावर उमटते, आणि ती ओळखण्यास मोठी विद्या लागत नाहीं, लक्ष लागतें.

खुबा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोंकास एक गुळगुळीत गोळा असतो आणि तो कटीच्या हाडांतील खोलगट वाटींत फिरतो. निसर्गानें या गोळ्याभोंवतीं जाड पडद्याची पिशवी घातली आहे, तिच्यावर बळकट बंध आवळले आहेत आणि त्यांच्यावरून स्नायूंचे थर पसरले आहेत. त्यामुळें निरोगी खुबा सहसा निखळत नाहीं. मोटारीचा अपघात किंवा उंचावरून पडणें असें कांहीं जबरदस्त कारण घडलें, तरच तो जागा सोडतो.

कृत्रिम खुब्याची गोष्ट निराळी आहे. इंग्लंडांतील लँकेशायर परगण्यांत राइटिंग्टन येथें एक रुग्णालय आहे. तेथें जॉन चार्न्ली या शस्त्रवैद्यानें आजच्या खुब्याचा पाया घातला. त्यानें प्रथम टेफ्लॉनच्या वाट्या वापरल्या; त्या थोड्याच वर्षांत झिजून गेल्या. हार न मानतां १९६२ सालीं त्यानें पॉलिइथिलीन नांवाच्या चिवट पदार्थाची वाटी घेतली, तिच्यांत धातूचा गोळा फिरता ठेविला आणि दोन्ही भाग हाडांत एका प्रकारच्या सिमेंटनें घट्ट बसविले. घर्षण कमी व्हावें म्हणून त्यानें गोळा मुद्दाम लहान घेतला. त्याचा व्यास सुमारें २२ मिलिमीटर होता. माणसाच्या स्वतःच्या खुब्यांतील गोळा साधारणतः याच्या दुप्पट असतो. आतां हें उघड आहे कीं, मोठा गोळा वाटींतून बाहेर पडण्यास अधिक अंतर चालावें लागतें आणि लहान गोळा थोड्याशा कलण्यानेंहि कांठावर येतो. पुढें यावर उपाय निघाले. गोळे मोठे झाले. फ्रान्समध्यें १९७० नंतरच्या दशकांत गोळ्यावर फिरता गोळा असलेली दुहेरी रचना निघाली. तरीसुद्धां नैसर्गिक बंधांची बरोबरी कोणत्याहि कारागिरीस साधलेली नाहीं. सांधा बसवितांना ती पिशवी उघडावीच लागते, कांहीं स्नायु बाजूस सारावे लागतात, आणि त्या जागा भरून येईपर्यंत कांहीं आठवडे नवा खुबा थोडासा पोरका असतो.

म्हणूनच पहिल्यानें बसविलेल्या खुब्यांपैकीं शेंकडा सुमारें दोन ते तीन निखळतात, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक पहिल्या तीन महिन्यांत निखळतात. एकदां बसविलेला सांधा काढून दुसऱ्यानें बसविला असेल, तर हें प्रमाण आणखी वाढतें. बहुतेक वेळां गोळा मागच्या बाजूस सरकतो. गुडघा छातीकडे आला, मांडी आंत वळली आणि दुसऱ्या मांडीवर चढूं लागली, म्हणजे मागें सरकण्याची सर्व सामग्री सिद्ध होते. आपल्या घरांतील कित्येक साध्या बैठकी नेमक्या याच जातीच्या आहेत. पाटावर बसून जेवणें, उकिडवें बसून धुणें धुणें, देशी शौचकूप, बुटक्या स्टुलावरून खालीं वांकणें, या गोष्टी जन्मभर केलेल्या असल्यामुळें त्यांत धोका असेल असें मनासहि शिवत नाहीं.

अशी एक बाई कल्पनेंत आणावी. वय पासष्ट, खुबा बदलून सहा आठवडे झालेले, काठीवांचून घरांत फिरूं लागलेली. दुपारीं ती बुटक्या खुर्चीवर बसली आहे. चष्मा निसटून खुर्चीच्या बाजूस पडतो. तो घेण्यासाठीं ती वांकते, अंग वळवते, आणि खुब्यांत 'खट्' असा आवाज होऊन असह्य कळ येते. पाय आंखडतो, गुडघा आंत वळतो आणि तसाच राहतो. घरांतील माणसें धांवतात. शेजारचे काका म्हणतात, "अहो, पाय धरून एकदां जोरानें ओढा, बसेल जागेवर!" कोणी हाडवैद्याचें नांव सुचवितो. धीर यावा म्हणून कोणी चहाचा पेला पुढें करतें. सगळ्यांच्या मनांत कळकळच असते. परंतु या तिन्ही सूचना त्या बाईला घातक आहेत. त्या कां घातक आहेत, हें कळण्यासाठीं सांध्याच्या मागें काय दडलें आहे तें पाहिलें पाहिजे.

शरीरांतील सर्वांत जाड मज्जातंतु खुब्याच्या अगदीं मागून जातो. कंबरेच्या व माकडहाडाच्या वरील भागांतून निघालेलीं पांच मुळें एकत्र येऊन तो बनतो, आणि त्याची रुंदी जवळजवळ बोटाएवढी असते. पाश्चात्त्य वैद्यक त्याला सायटिक म्हणतें. आपल्याकडे कंबरेपासून पायापर्यंत उतरणाऱ्या ज्या वेदनेला आयुर्वेदानें गृध्रसी म्हटलें, तिची वाट हीच. म्हणून येथें त्याला गृध्रसी मज्जातंतु म्हणणें सोयीचें होईल. नितंबाच्या स्नायूंखालून उतरून तो मांडीच्या मागून गुडघ्याकडे जातो. दिसावयास तो एक असला, तरी प्रारंभापासूनच त्यांत दोन फांद्या शेजारीं शेजारीं बांधलेल्या असतात. आंतली फांद पोटरीला व तळव्याला जाते. बाहेरची फांद, जिला डॉक्टर पेरोनियल म्हणतात, ती गुडघ्याच्या बाहेरच्या अंगास हाडाला वळसा घालून नडगीच्या पुढच्या स्नायूंना व पावलाच्या पाठीला जाते.

श्रोत्यांनीं या क्षणीं आपल्याच पायावर एक प्रयोग करून पाहावा. टांच जमिनीवर टेकवून पायाचा अंगठा व पाऊल वर उचलावें. ही आज्ञा बाहेरच्या फांदीनें पोंचविली. आतां पाऊल खालीं दाबावें, जणूं शिवणयंत्राची पट्टी दाबीत आहों. ही आज्ञा आंतल्या फांदीनें नेली. अंगठा व त्याच्या शेजारचें बोट यांमधील बेचक्याच्या वरच्या बाजूस हलकेंच बोट फिरवावें. तो स्पर्श कळविणारी पुन्हां बाहेरचीच फांद. इतक्या साध्या तीन गोष्टींनीं कंबरेपासून पावलापर्यंतची सारी वाट शाबूत आहे कीं नाहीं, याचा बराचसा निर्वाळा मिळतो.

या दोन फांद्यांपैकीं बाहेरची अधिक नाजूक आहे. तिच्यांत तंतूंना जपणारें मऊ वेष्टन कमी असतें. शिवाय ती वर कटीच्या खांचेपाशीं आणि खालीं गुडघ्याच्या बाहेर अशी दोन ठिकाणीं जणूं खिळलेली असते. दोन्ही टोंकांना बांधलेली दोरी मध्येंच ओढली, तर सैल दोरीपेक्षां ती लौकर तुटते, तसाच हा प्रकार होय. म्हणून खुब्यापाशीं ताण बसला कीं प्रथम पाऊल वर उचलण्याची शक्ति जाते. पाऊल पुढच्या बाजूस लोंबूं लागतें, चालतांना बोटें जमिनीला घांसतात, आणि पायांतील चप्पल निसटून गेली तरी कळत नाहीं.

निखळलेला सांधा ओढून बसविण्याची विद्या फार जुनी आहे. सुश्रुताच्या ग्रंथांत सांधे निखळण्याचे सहा प्रकार वर्णिले असून, उपचारांत आंछन म्हणजे ओढणें आणि पीडन म्हणजे दाबणें हे शब्द आले आहेत. ग्रीक वैद्य हिपोक्रेटीस याच्या परंपरेंत खुबा निखळलेल्या रोग्याला पाय वर करून टांगण्याची व साहाय्यकानें त्याला लोंबकळण्याची रीत सांगितली आहे. पुढें युरोपांत दोर आणि कप्प्या लावून खुबे ओढण्यांत येऊं लागले. हें सारें बळ कशासाठीं लागत असे? वेदनेनें आंवळलेले स्नायु सैल पडत नसत, म्हणून. १८४६ सालीं बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयांत ईथरची भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया जगापुढें आली, आणि ओढाओढीचें कारणच दूर होण्याचा मार्ग खुला झाला. त्याच रुग्णालयांतील हेन्री बिगेलो यानें १८६९ सालीं खुब्याच्या निखळण्यावर ग्रंथ लिहिला. सांध्यापुढील बळकट बंध मांडी वांकविली असतां सैल पडतो, म्हणून सरळ पाय ओढीत बसण्यापेक्षां तो वांकवून युक्तीनें बसवावा, हें त्याचें सांगणें होतें. त्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या ऑस्कर ॲलिस यानें जी रीत प्रचारांत आणली, ती थोड्याफार फरकानें आजहि चालते. रोग्याला उताणें निजवून एकानें कटी स्थिर धरावी, दुसऱ्यानें खुबा व गुडघा दोन्ही काटकोनांत वांकवून मांडी हळूहळू वर ओढावी.

यांत गुडघा वांकविण्याला फार महत्त्व आहे. उताणें निजून पाय ताठ ठेवून वर उचलला, तर मांडीच्या मागें जो ताण जाणवतो, त्यांत गृध्रसी मज्जातंतूचाहि वांटा असतो. गुडघा वांकवितांच तो ताण उतरतो. शेजारच्या काकांनीं सुचविलेली ओढ नेमकी याच्या उलट आहे. भूल नाहीं, स्नायु सैल नाहींत, गोळा मागें सरकून मज्जातंतूवर बसलेला आहे, आणि वर पाय ताठ धरून झटका! शिवाय धातूचा दांडा हाडांत बसविलेला असल्यानें अशा झटक्यानें हाड मोडण्याची अथवा बसविलेला भाग ढिला होण्याचीहि भीति असते. हाडवैद्याचा हात कितीहि सराईत असला, तरी त्याला आंतील धातूची रचना दिसत नाहीं.

येथें आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. अपघातांत स्वतःचा खुबा निखळला, तर डॉक्टर कांहीं तासांच्या आंत तो बसविण्याची घाई करतात. कारण गोळ्याला रक्त पुरविणाऱ्या बारीक वाहिन्या ताणल्या जाऊन तो निर्जीव होण्याचा संभव असतो. कृत्रिम गोळा धातूचा किंवा सिरॅमिकचा. त्याला रक्ताची गरज नाहीं. तेव्हां "आतां कसली घाई? सकाळीं पाहूं" असें कोणाला वाटणें साहजिक आहे. परंतु गोळा कृत्रिम झाला, तरी त्याच्या मागचा मज्जातंतु जन्माबरोबरचाच आहे. तो जितका वेळ ताणलेला वा दबलेला राहील, तितकी इजा वाढण्याचा धोका अधिक. म्हणून खुबा कृत्रिम असला, तरी विलंब करण्याचें कारण नाहीं. आणि घाई करावयाची ती रुग्णालय गांठण्याची, पाय ओढण्याची नव्हे.

मज्जातंतूला इजा होण्याचे मार्ग मुख्यतः चार आहेत. पहिला, निखळतांनाच गोळ्याचा धक्का किंवा ताण बसणें. दुसरा, बसवितांना होणारी ओढ. याच वेळीं क्वचित् फारच विलक्षण प्रकार घडतो: गोळा आंत जातांना मज्जातंतु कृत्रिम सांध्याच्या मानेभोंवतीं अडकून बसतो, जणूं दार लावतांना फटींत सांपडलेलें वस्त्र. असे रोगी वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत. तिसरा मार्ग रक्तस्रावाचा. आंत रक्त सांचून गांठ झाली, तर ती कांहीं तासांनीं मज्जातंतूला दाबूं लागते. रक्त पातळ ठेवणारीं औषधें चालूं असतील, तर हें भय विशेष. चौथा मार्ग सर्वांत साधा, आणि म्हणूनच दुर्लक्षिला जाणारा. सांधा बसल्यावर पाय बाहेरच्या अंगावर कलंडून पडून राहिला किंवा गुडघ्याभोंवतीं पट्टी घट्ट आवळली, तर गुडघ्याच्या बाहेर हाडाला वळसा घालणारी ती नाजूक फांद तेथेंच दबते. खुबा सुरळीत बसतो आणि पाऊल एका पट्टीपायीं पडतें.

आतां त्या बाईकडे परत येऊं. मुलानें कोणाचें न ऐकतां रुग्णवाहिका बोलावली; चहा दिला नाहीं, कारण भूल देण्यापूर्वीं पोट रिकामें असलें पाहिजे. रुग्णालयांत क्ष-किरण छायाचित्र निघालें. गोळा वाटीबाहेर स्पष्ट दिसला. आणि भूल देण्यापूर्वीं डॉक्टर तिच्या पायथ्याशीं जाऊन म्हणाले, "आजी, अंगठा वर करा पाहूं. आतां पाऊल खालीं दाबा. येथें बोट लावलेलें कळतें का?" वेदनेनें विव्हळणाऱ्या बाईला हा प्रश्न अप्रस्तुत वाटला असेल. दुखतें खुब्यांत, आणि हे अंगठ्याचें काय विचारतात? पण याच एका मिनिटांत पुढच्या दोन वर्षांचा निर्णय दडलेला असतो.

समजा, भूल देण्यापूर्वीं तिचा अंगठा हलत होता; सांधा बसला, भूल उतरली, आणि आतां तो हलत नाहीं. याचा अर्थ, जें कांहीं घडलें तें बसवितांना किंवा त्यानंतर. मज्जातंतु सांध्यांत अडकला असेल, रक्ताची गांठ दाबत असेल, पट्टी आवळली असेल. पट्टी तत्काळ सैल करावयाची. ताबडतोब तपासण्या करावयाच्या. आणि अडकल्याची अथवा दबल्याची शंका बळावली, तर तेथें वाट न पाहतां जखम उघडून मज्जातंतु मोकळा करण्याचा विचार करावयाचा. उलटपक्षीं, समजा अंगठा आधींच हलत नव्हता आणि सांधा नीट बसल्यावरहि हलत नाहीं. तर इजा बहुधा निखळतांनाच्या ताणाची. दाब तर निघून गेला. अशा वेळीं बहुधा धीरानें वाट पाहणेंच श्रेयस्कर ठरतें. दोन्ही रोग्यांचें पाऊल सारखेंच लोंबतें, परंतु उपाय निरनिराळे. आणि दोहोंतील भेद सांगणारी वस्तु एकच: भूल देण्यापूर्वीं कागदावर केलेली नोंद.

ही नोंद राहून गेली, तर मागाहून ती करतां येत नाहीं. कंबरेतून भूल दिली असेल, तर दोन्ही पाय कांहीं तास बधिर राहतात, आणि त्या अवधींत न हलणारा अंगठा कांहींच सांगत नाहीं. म्हणून वर्गांत जशी सकाळीं एकदां आणि दुपारीं एकदां हजेरी घेतात, तशी या अंगठ्याची हजेरी भुलीपूर्वीं एकदां आणि भूल उतरतांच पुन्हां घेतली पाहिजे. शिवाय पहिल्या दिवसभर अधूनमधून घेत राहिली पाहिजे, कारण रक्ताची गांठ उशिरानें दबा धरते. दोन्ही वेळां 'हजर' असणारा विद्यार्थी तिसऱ्या वेळीं गैरहजर आढळला, तर परिचारिकेला त्याच क्षणीं हांक मारावी. रात्र आहे, डॉक्टर निजले असतील, असा संकोच येथें कामाचा नाहीं.

इजा झाली, तर ती कितपत भरून येते? १९४३ सालीं, महायुद्धांतील जखमींचा अनुभव घेत असतां, ऑक्सफर्डचे प्राध्यापक हर्बर्ट सेडन यांनीं मज्जातंतूच्या इजेचे तीन वर्ग केले, ते आजहि उपयोगी आहेत. विजेच्या तारेचा दाखला घेतला म्हणजे ते सहज समजतात. पहिल्या वर्गांत आंतील तार शाबूत असते. फक्त तिच्यावरील आवरण दबून प्रवाह खोळंबतो. हें नुकसान दिवसांत किंवा आठवड्यांत भरून येतें. दुसऱ्यांत आंतील तार तुटते, पण बाहेरची नळी टिकून राहते. त्या नळीच्या आधारानें नवा तंतु वाढत वाढत खालीं जातो. तिसऱ्यांत नळीहि तुटते, आणि शस्त्रक्रियेवांचून जोड होण्याची आशा नसते. सुदैवानें, ताणानें होणाऱ्या इजा बहुतेक पहिल्या दोन वर्गांत मोडतात.

परंतु दुसऱ्या वर्गाचा हिशेब जरा मांडून पाहावा. नवा तंतु दिवसाला सुमारें एक मिलिमीटर वाढतो. खुब्यापासून नडगीच्या पुढच्या स्नायूपर्यंत अंतर पन्नास सेंटिमीटर धरलें, तर तेथें पोंचावयास पांचशें दिवस, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष लागेल. इतका काळ आज्ञेवांचून राहिलेला स्नायु सुकूं लागतो, आणि वर्षदीडवर्षानें आलेला निरोप घेण्याची शक्ति त्याच्यांत कदाचित् उरलेली नसते. उगमापाशीं झालेल्या इजेचें फळ टोंकाला कां भोगावें लागतें, तें या साध्या गुणाकारावरून कळेल. पहिल्या दिवशींचें एक मिनिट कां मोलाचें, तेंहि यावरून कळेल. जेथें इजा अर्धवट असते किंवा पहिल्या कांहीं आठवड्यांत थोडीशी का होईना हालचाल परत येते, तेथें पुढील आशा चांगली असते. कांहीं जणांत मात्र अशक्तपणा जन्मभर राहतो.

वाट पाहण्याच्या काळांत हात जोडून बसावयाचें नसतें. लोंबणारें पाऊल तसेंच राहूं दिलें, तर घोट्यामागील शीर आंखडते आणि पुढें मज्जातंतु सावरला, तरी पाऊल वर येत नाहीं. म्हणून पाऊल काटकोनांत धरणारी हलकी पट्टी वापरावी, आणि दिवसांतून अनेकदां घरच्या माणसानें पाऊल हलक्या हातानें वर वांकवून द्यावें. विद्युत्-परीक्षेनें मज्जातंतूची अवस्था अजमावतां येते. पण तुटलेल्या तंतूचीं लक्षणें तींत स्पष्ट उमटण्यास सुमारें तीन आठवडे लागतात, तेव्हां पहिल्याच आठवड्यांत ती चांगली आली म्हणून निश्चिंत होऊं नये. आणि सर्वांत महत्त्वाची सूचना स्वयंपाकघराला आहे. दुखतें म्हणून शेक देणें हा आपल्या घरांतील पहिला उपचार. परंतु बधिर पावलाला गरम पाण्याची पिशवी भाजते कीं सुखावते, हें कळत नाहीं. अशा पावलाला शेक देऊं नये, आंघोळीचें पाणी दुसऱ्यानें हातानें पाहावें, आणि टांचेला व तळव्याला फोड आला आहे का तें रोज डोळ्यांनीं पाहावें. वर्षदीडवर्षानेंहि पाऊल उचललें गेलें नाहीं, तर चांगल्या स्नायूचा कंडरा वळवून पुढें जोडण्याची शस्त्रक्रिया कांहींना उपयोगी पडते.

अर्थात् खुबा निखळूंच न देणें हा सर्वांत स्वस्त उपाय. डॉक्टरांनीं नेमून दिलेल्या काळांत उंच खुर्ची व उंच शौचासन वापरावें. गुडघा कंबरेच्या वर जाऊं देऊं नये. पायावर पाय टाकून बसूं नये. निजतांना दोन गुडघ्यांमध्यें उशी असावी. आणि खालीं पडलेली वस्तु दुसऱ्याला उचलूं द्यावी. देवापुढें मांडी घालून बसतां आलें नाहीं, तर देव रागावत नाहीं. खुर्चीवर बसून केलेली पूजाहि त्याला पोंचते.

आणि इतकें करूनहि तो 'खट्' आवाज झालाच, तर घरच्यांनीं गांगरूं नये. पाय ओढूं नये, सरळ करण्याची खटपट करूं नये; आहे त्या स्थितींत उशांनीं टेकवून ठेवावा. तोंडानें कांहीं देऊं नये. शस्त्रक्रियेचे कागद आणि चालूं औषधांची यादी, विशेषतः रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांची, बरोबर घ्यावी. रुग्णवाहिका येईपर्यंत रोग्याच्या पायथ्याशीं बसून दोन्ही अंगठे वर करावयास सांगावें, आणि काय दिसलें तें वेळ घालून कागदावर लिहून ठेवावें. तो कागद डॉक्टरांच्या हातीं द्यावा. सांधा बसल्यावर नम्रपणें विचारावें, "अंगठा आतां हलतो का?" चांगल्या डॉक्टराला या प्रश्नाचा राग येत नाहीं, त्यानें तो आधींच स्वतःला विचारलेला असतो.

कल्पनेंतील त्या बाईचा अंगठा भुलीपूर्वीं हलत होता, आणि भूल उतरल्यावरहि हलला. घरीं परत आल्यावर तिनें पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर ती बुटकी खुर्ची माळ्यावर टाकावयास सांगितली. प्रत्येक घरांत गोष्ट इतकी सुखाची होईलच असें नाहीं. पण ज्या घरांत अंगठ्याकडे पाहण्याची आठवण राहील, त्या घरांत संकट आलेंच तर तें उशिरा कळलें म्हणून वाढणार नाहीं.